तातोबाचा ब्रश

बसा मंडळी, पुढे सरका. प्रश्न जुना आहे, मीही जुना झालोय, म्हणून एकदाच विचारतो — आपला दोष जो दाखवतो, त्यालाच आपण घराबाहेर का काढतो? नको, उत्तर देऊ नका! मागे एकानं दिलं होतं, ते संपेपर्यंत आरती थंड झाली.

तर ऐका. तातोबा गुरव. जाखाईच्या देवळात पहाटेची सनई याची. एकुलती लेक वैजू. तिला शब्द दिलेला — "तुझ्या लग्नात सनई मीच वाजवणार!"

एका सकाळी तातोबानं दात घासून चूळ टाकली — लाल! बायको हौसाबाई ओरडली, "अहो, रक्त!"

"ब्रश टोचतोय. आमच्या बापानं कधी ब्रश धरला होता का?"

नव्हता धरला, खरंय. बापाला दातही नव्हते, पण ते कोण आठवतो?

ब्रश गेला उकिरड्यावर! त्याच्या जागी मिश्री — तंबाखू भाजून केलेली. आणि काय सांगू, रक्त थांबलं!

"बघ हौसा! जाखाई पावली!"

मंडळी, जाखाईचा काही संबंध नव्हता. तंबाखूनं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात. रक्त थांबतं, रोग नाही. चोर घरातच — भुंकणारं कुत्रं तेवढं गप्प केलं!

आत काय चाललेलं? दातांवर जंतूंचा चिकट थर बसतो. तुम्ही गोड खाता, तेही पंगतीला बसतात. खाऊन आम्ल सोडतात, त्यानं दात पोखरतो — ती कीड. आणि तो थर हिरडीच्या कडेला साचला, की हिरडी सुजते. थराचं दगडासारखं कीटण होतं. हिरडी दाताला सोडते, खालचं हाड झिजतं. बहुतेकदा हे सगळं न दुखता! दुखलं असतं तर माणूस शहाणा झाला असता... झाला असता? जाऊ द्या.

दोनेक वर्षांत सूर फाटायला लागला. तातोबानं सनईची पत्ती बदलली. मग सनई बदलली. मग साथीला सूर धरणाऱ्या सख्ख्या भावाशी भांडला! ओठांना आतून टेका देणारे दात हलतायत, हे सोडून सगळं तपासलं!

लग्न पंधरा दिवसांवर. वैजूनंच ओढत दवाखान्यात नेला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, रक्त येत होतं तेव्हा का नाही आलात? कीटण काढून, नीट घासून हिरड्या बऱ्या झाल्या असत्या."

"आता?"

"पुढचे दोन काढावे लागतील. मिश्री सोडा, रोज घासा, बाकीचे टिकवू. झिजलेलं हाड मात्र आपोआप भरून येत नाही."

"मग लग्नात...?"

"जखम तरी भरू द्या, काका."

तातोबा लेकीकडे वळला. "वैजू, लग्न पुढं ढकलूया का गं?"

"आबा, लग्न ढकलाल. दात उगवणारेत का?"

मुहूर्त गाठला. सनई वाजली — स्पीकरवर. निघताना वैजू पाया पडली. तातोबानं काही बोलायला तोंड उघडलं... आणि हातानं झाकून घेतलं.

संपलं आख्यान. चमत्कार? नाही झाला.

आता तुमचं. रक्त दिसलं तर ब्रशशी भांडू नका. मऊ ब्रश घ्या, हिरडीच्या कडेनं हळू फिरवा, सकाळी आणि निजताना. आणि दाखवायला जा, दुखायची वाट न बघता! — हं, डोलल्या माना! दरवर्षी डोलतात. पुढच्या ओळीतल्या आजी तर पदराआड मिश्रीची डबी घट्ट धरून डोलतायत.

माना राहू द्या, मंडळी. उद्या सकाळी चूळ टाकाल ना, तेव्हा तिच्यावर पाणी ओतण्याआधी एकदा खाली बघा.