कृष्णाबाईंच्या दागिन्यांचा पंचनामा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, पेणहून वाट वाकडी करून आलेली मंडळी आणि रोह्याच्या वाचकहो,

एकतीस वर्षं इथे ग्रंथपाल असलेल्या माझं तुम्ही एवढं कौतुक केलंत, आणि मी मात्र आज चिडलेला आहे. निरोपाच्या दिवशी हे शोभत नाही, ठाऊक आहे.

१९०८ साली पेणच्या खाडीकाठी कृष्णाबाईंचा खून झाला. खुनी सापडला नाही. त्यांचे दागिने मात्र त्यांना होडीतून नेणाऱ्या इब्राहिम नावाड्याने लांबवले, असं आपण सगळेच मानत आलो. त्याच्या घराण्याला रोह्यात आजही ‘दागिनेवाले’ म्हणतात.

त्याचे पणतू ताजुद्दीनभाई अकरा वर्षांपूर्वी माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, “सर, हे लिवलंय कशावरनं, तेवढं बघा. कागद हाय का नाय?”

मी पुस्तकं काढून बसलो. एक पुस्तक दुसऱ्याचा हवाला देई, दुसरं तिसऱ्याचा. आणि तिसऱ्यात काय? ‘जुने लोक सांगतात.’ एवढ्यावर एका घराची शंभर वर्षं बदनामी. मग सरकारी कचेऱ्या पालथ्या घालून झाल्या. कुणी म्हणे दफ्तर हलवलंय, कुणी म्हणे वाळवीने खाल्लं. अर्ज तर मी किती केले, विचारू नका.

यंदा मार्चमध्ये मूळ मोडी पंचनामा मिळाला, भलत्याच खटल्याच्या गठ्ठ्यात. त्यात स्वच्छ लिहिलंय: ‘मयताचे अंगावरील नथ, पुतळ्यांची माळ व पाटल्या मयताचा दीर दिनानाथ याचे हवाली केल्या.’ खाली दिनानाथांची सही. म्हणजे दागिने चोरीला गेलेच नव्हते.

मी लेख लिहून आपल्या वाचनालयाच्या स्मरणिकेला दिला. संपादक म्हणाले, “कमळाकरराव, आता कशाला उकरायचं? कुणाला तरी वाईट वाटेल.” इतकी वर्षं वाईट कुणाला वाटत होतं, हे त्यांना कुणी विचारायचं? लेख छापला नाही, म्हणून आज इथे सांगितलं.

ताजुद्दीनभाई जानेवारीत गेले. कागद दोन महिने उशिरा हाती आला. त्यांची मुलगी फरझाना समोर बसली आहे. पंचनामा वाचून दाखवला तेव्हा तिने एवढंच विचारलं, “सर, हे अब्बांना आता कोण सांगणार?”

तुमच्या मायेबद्दल मनापासून आभार. बोलण्यात कडवटपणा आला असेल तर सांभाळून घ्या. उशिराची माफी मात्र तुमच्याकडे मागत नाही. ती फरझानाकडे मागतो.