फिरता कप आणि आवळासुपारी

मला एसटी डेपोतून सुटायच्या आधीच लागते. त्यामुळे पार्कातल्या गरगर फिरणाऱ्या कपात लेकीबरोबर बायको बसायची आणि मी खाली चपला सांभाळायचो. बायको गेल्यानंतर परवा पहिल्यांदाच मी बसलो. दुसऱ्याच गिरकीत मी डोळे घट्ट मिटले.

नऊ वर्षांची सई म्हणाली, "बाबा, डोळे मिटू नकोस, माझ्या नाकाकडे बघ. आणि ही आवळासुपारी चघळ."

"कोणी शिकवलं हे?"

"आईने. तिलाही लागायचं."

"अगं, मग मला का नाही सांगितलंत?"

"आई म्हणायची, बाबा बसला तर मला दोघांना सांभाळावं लागेल."

कप थांबला. मी कठडा धरून उतरलो.

"सई, सुपारी उरलीय का?"

"आहे की. अजून मळमळतंय?"

"हो. चल, पुन्हा रांगेत उभे राहू."