मासा कशानं दचकतो

साताऱ्याच्या स्टँडवर वडूजच्या रांगेत बनुबाई दोन वर्षांच्या नातीला कडेवर घेऊन उभी होती. पुढं कॉलेजातल्या प्रयोगशाळेचा शिपाई नाथाजी आणि त्याचा गाववाला तात्याबा बोलत होते.

“प्रयोगशाळंत ती अंगावर पट्टं असल्यालं मासं पाळून करता काय रं?” तात्याबानं विचारलं.

“त्यास्नी ऐकू येतं का बघतो. आवाज झाला की मासा दचकून वळतो.”

“मग काचंवर टिचकी मारायची.”

“मीबी तेच करायचो. सर म्हनलं, मासा तुजा हात बघून पळतुय. मग कागद लावला आन् टेबलावर ठोकलं.”

“पळाला?”

“पळाला. पण टेबल हादरलं म्हनून. आता मागं, टेबलाला न लावता, हवेत घंटी टांगून वाजवतो.”

बनुबाईला राहवलं नाही.

“आवं, आमची ही अजून बोलत न्हाई. पण जमिनीवर थाळी आपटली की दचकती.”

“मावशी, हादरा अंगालाबी कळतो.”

बनुबाईनं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला. नातीच्या डोक्यामागं हवेत धरून खळखळ वाजवला. रांगेतली चार माणसं वळली. नात समोरच्या गाडीकडं बघत राहिली.

“मावशी, चला, वडूज लागली.”

“तुमी जावा. मिरजंच्या दवाखान्याला कंची गाडी जाती?”