माहा सांता ब्रेकनंतर

...अन् वरून म्हनते कशी, "कुठंही जाऊ नका!" आता मले सांगा, मी कुठं जातो? उजवा पाय मांडीपासून घोट्यालोक प्लास्टरात, पायाखाली दोन उशा, बाज टीव्हीपासून चार हातावर, अन् थे टीव्हीतली पोरगी लाल टोपी घालून, बोट नाचवून मलेच सांगून राह्यली, "कुठंही जाऊ नका हं, आपण भेटूया एका छोट्याशा ब्रेकनंतर!" छोटासा! पाच जाहिराती साबनाच्या, सहा गुडघ्याच्या तेलाच्या... अवो बाई, उठता आलं असतं त पहिले तुले बंद केलं असतं!

तुमाले सांगतो, कालची गोठ हाय. चोवीस डिसेंबर. सकाळी सातपासून रातच्या आठलोक निरा नाताळ स्पेशल! तुमी म्हनसान, इंद्रभानभाऊ, मंग पाहाचं काऊन? पाहा लागे न बाप्पा! मी दिसनार होतो त्याच्यात!

झालं असं, पंधरा दिवसाआधी मी गेलो लोणारले मावसभावाकडं. स्टँडवर उतरलो नाही उतरलो त एक पोरगी आली माइक घेऊन. पुष्पांजली म्हनून, पुन्याची. म्हने, "काका, तुमच्या आयुष्यातला सांता कोण?" म्या म्हनलं, शांता? आमच्या घरान्यात एक शांता होती बा, पन थे मेहकरले देल्ली. थे हासली. "शांता नाही हो काका, सांता! जो न मागता, गुपचूप आपल्याला हवं ते आणून ठेवतो आणि थँक्यूसुद्धा न ऐकता निघून जातो!"

हे ऐकलं अन् मले कसंचं झालं. तीस वर्ष एस.टी. चालवली म्या. पिंपळगाव राजाहून सायकलनं डेपोत जाचं अन् पहाटची पहिली गाडी काढाची. तीस वर्ष माही बायको, रुखमाबाई, माह्याआधी उठली. माही आंघोळ होईलोक डबा पिशवीत अन् पिशवी सायकलच्या हँडलले. कधी म्हनली नाही का मले बी झोप येते. अन् मी काय म्हनलो? भाजीत मीठ जास्त झालं त तेवढं बरोब्बर म्हनलो! त्या दिवशी मातर माइकसमोर निघून गेलं तोंडातून, "माही बुढी! माही बुढी होती म्हून मी हाव. जे काई हाय थे तिचंच हाय." घरचीले आमी बुढीच म्हनतो. लाडानं. तिच्या माघारी, तोंडावर नाही! बोलता बोलता डोयातून पानी आलं माह्या. थे पोरगी बी रडली. कॅमेरावाला म्हने, "काका, परत एकदा, मागून गाडी गेली."

मंग फोन आला तिचा. "काका, चोवीस तारखेला! दिवसभर अधूनमधून 'माझा सांता' दाखवणार आहोत. तुमचा नंबर कधीही लागेल हं!" कधीही म्हनजे? सकाळच्या सातले का रातच्या सातले? "कधीही! कुठेही जाऊ नका!" पाहा, तवापासून चालू हाय हे.

आता माह्या मनात काय होतं, थे सांगतो. जे तोंडावर चाळीस वर्षांत म्हनता नाही आलं, थे टीव्ही म्हनीन अन् रुखमाबाई ऐकीन. बास. तिले काई सांगतलं नाही, फक्त म्हनलं, मी दिसनार हाव, तू समोर बस. अन् चॅनल साफ दिसावं म्हून चढलो न मी स्लॅबवर, डिशची छत्री नीट कराले! छत्री धरूनच खाली आलो. पाय मोडला, छत्री वाकडी झाली, अन् तवापासून तेच एक चॅनल साफ दिसते. बाकीच्यावर मानसाचं नाक इकडं अन् तोंड तिकडं. मोबाइलवर पाह्य म्हनान, त रेंज येते निंबाखाली, अन् निंब हाय रस्त्याच्या पल्याड. मी कसा जातो?

त सात वाजता पहिलेच आले भविष्यवाले महाराज. भगवी कफनी अन् डोक्यावर सांताची टोपी! "मेष राशीच्या जातकांनी आज दोन्ही पायात लाल मोजे घालावेत." मेष माहीच रास! दुसरा पाय कुठून आनू? मंग केक. "ओव्हन नसेल तर कुकर घ्या, शिटी काढून टाका, अंडं नको असेल तर दही घाला..." रुखमाबाई दारातून पाहे. म्हने, "याच्यात मेथी टाकली त?" म्या म्हनलं, अवं तू बस न इथं! "बसते न. कुकर पाह्यते." गेली! थे गेली अन् टीव्हीवर "माझा सांता" लागला! माहा जीव असा खालवर... रुखमाबाई! अवं ये! थे पिठाच्या हातानं पयत आली, त टीव्हीवर नागपूरचा एक मानूस, त्याचा सांता म्हनजे त्याचा कुत्रा. थे म्हने, "हे दाखवाले बलावलं का?" अन् मांगून थे लाल टोपीवाली, "कुठंही जाऊ नका!"

दहा वाजता आला पुंजाजी, माहा शेजारी. त्याले वावर हाय, काम हाय, पन थो बी बसला, म्हने भाऊ दिसनार हाय. कार्टून लागलं. सांताची गाडी अन् तिले जुपलेले शिंगवाले जनावरं. पुंजाजी निरखून पाहे अन् पाहे. म्हने, "भाऊ, हे रोही हाय का?" आमच्याकडं नीलगाईले रोही म्हनतात, सारा हरभरा खाऊन राह्यले हे रोही आमचा. म्या म्हनलं, हो, तसेच काई. तेवढ्यात थे उडाले! पुंजाजी उभाच राह्यला. "अबे, हे उडतात? अन् म्या पोराले तारेचं कुंपन कराले लावलं!" आता हसू का पाय सांभाळू? हसलं का प्लास्टरात ठनकते!

दुपारी रुखमाबाईची मालिका. नाताळ विशेष महाएपिसोड! सून चार महिन्यांपासून बेशुद्ध. सासू पैठनी नेसून, सांताची टोपी घालून तिच्या उशाशी घंटी वाजवून राह्यली. टिंग टिंग टिंग... अन् सुनेचं बोट हाललं! "डॉक्टऽऽर!" बोट तीनदा दाखवलं, तीन बाजूनं. इथं मातर रुखमाबाई बसली बरं! डोयाले पदर लावून बसली. मालिका सरली अन् उठली. अवं थांब, आता माहं लागीन! "कपडे वायत घातले न वर, कोन आनीन?" गेली! अन् मांगं "माझा सांता"! मी बोंबललो, थे पायऱ्या उतरत आली, त अकोल्याची कोनी मास्तरीन. सातदा झालं, तुमाले सांगतो, सातदा! थे उठली का थो लागे, थे बसली का ब्रेक. शेवटी म्हने, "मले काम नाही काय? तुमी दिसून दिसून कितीक दिसान? रोजच पाह्यतो आमी."

चार वाजता बातम्या. आठ जन आठ चौकटीत भांडून राह्यले का सांताच्या पोतडीत काय हाय. "मला बोलू द्या!" "आधी तुम्ही उत्तर द्या!" पुंजाजीले झोप लागली. मले झोपाची बी सोय नाही, डोया लागला अन् तेवढ्यातच मी येऊन गेलो त?

अन् सहा वाजता, आईशप्पथ सांगतो, रुखमाबाई चहा घेऊन आली, समोर बसली, बशीत चहा ओतला... अन् मी दिसलो! लोणारचं स्टँड! माही टोपी! म्या म्हनलं, ऐक! कान देऊन ऐक!

काय ऐकीन थे? चॅनलच्या पोट्ट्यायनं माह्या बोलन्यावर घंट्या टाकल्या! टिंग टिंग टिंग अन् पेटीसारखं कायतरी भोंगावून राह्यलं. माहे ओठ हालतात, डोयातून पानी येते, अन् आवाज घंटीचा! बोलनं खाली लिहून टाकलं. आता पाहा, चॅनल मराठी, मी बोललो मराठी, अन् खाली मराठीतच लिहून! म्हनजे माही मराठी मराठीले समजत नाही! रुखमाबाई म्हने, "काय लिवलं हाय? माहा चष्मा कुठं हाय?" चष्मा पुंजाजीच्या नाकावर! सकाळपासून रोही पाहाले घेतलता त्यानं. मंग पुंजाजीच वाचे, एकेक अक्षर, पोथी वाचल्यावानी, "माझी... आई... होती... म्हणून... मी... आहे."

आई!

अबे, आई कुठून आली? आमच्याकडं बुढी म्हनजे बायको बी अन् बुढी म्हनजे माय बी, कोनती बुढी थे बोलनाऱ्याच्या तोंडावरून समजते. पुन्यात बसून लिहिनाऱ्याले माह्या तोंडावरून काय समजीन? त्यानं करून टाकली आई! अन् थे लाल टोपीवाली डोये पुसून म्हने, "किती गोड! काकांच्या आईंना आमच्याकडून मेरी ख्रिसमस! कुठंही जाऊ नका!" माही माय जाऊन बावीस वर्ष झाले!

रुखमाबाईनं बशी खाली ठेवली. वरडली नाही. वरडली असती त बरं झालं असतं. म्हने, "आईचं बरोबरच हाय. आईचं नाव घेतलंच पाह्यजे." मंग म्हने, "तुमच्या मायनं जलमभर माह्या भाकरीले नावं ठेवली. अन् आज पाय मी चेपते, लघवीचं भांडं मी देते, अन् टीव्हीवर नाव तिचं."

मी कासावीस झालो हो! घाईघाईत म्हनून बसलो, "अवं, थे आई नाही! थे बुढी तूच हाय! तूच बुढी!"

"मी बुढी?"

घ्या! पुंजाजी चष्मा काढून, उशावर ठेवून, चपला हातात घेऊन पयाला. रुखमाबाई उठली अन् तिनं टीव्ही बंद केला. सकाळपासून पहिल्यांदा घर चूप झालं. कुकरचा मेथीचा वास तेवढा येऊन राह्यलता. थे बाजेवर बसली, प्लास्टर जरा सरकवून. म्हने, "म्हना आता. काय म्हनलं होतं तिथं? घंटी नाही, लिवेल नाही. मी कुठंही जाऊन नाही राह्यली."

अन् तुमाले सांगतो... लोणारच्या स्टँडवर, अनोळखी पोरीसमोर, दोनदा म्हनलो होतो मी. दोनदा! इथं माह्या घरात, माही बायको, हातभर अंतरावर, माह्याकडं पाहून राह्यली, अन् तोंडातून शब्द निघाले तयार नाही. खाकरलो. प्लास्टरकडं पाह्यलं. छताकडं पाह्यलं. शेवटी म्हनलं, "रुखमाबाई, सांगतो. ब्रेकनंतर."

आज पंचवीस तारीख हाय. थे दोनदा येऊन बसून गेली बाजेवर. ब्रेक चालूच हाय.