पाचव्या परीक्षकाचं मत

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा दक्षताताई भोईर, पुरस्काराचे संस्थापक दामाजीशेठ म्हात्रे, व्यासपीठावरील मान्यवर, पहिल्या रांगेत बसलेल्या भीमाबाई कोळी, आणि नाटकाला येता तसेच आजही वेळेआधी येऊन जागा धरणारे रसिकहो,

चोवीस वर्षं या पुरस्काराचा कार्यवाह होतो, आज मोकळा होतोय. निरोपाला उत्तर देताना पुरस्काराचा इतिहास सांगा, असा अध्यक्षांचा आदेश आहे. निवृत्त शाळामास्तराला इतिहास सांगायला लावणं धोक्याचं, तरी थोडक्यात आटोपतो.

२००१ साली दामाजीशेठनी कळव्यात नाट्यस्पर्धेचा मांडव घातला. संघ तीनच: कळवा, कल्याण आणि काठमांडू. त्या एका काठमांडूच्या जिवावर आपण बॅनरवर ‘आंतरराष्ट्रीय’ लिहिलं. हसा, पण पुढे अकरा देशांचे संघ आले. पोलंडचा संघ तर शीळफाट्याला तीन तास अडकला आणि बसमध्येच मेकअप उरकून थेट रंगमंचावर उभा राहिला.

शेठची अट एकच. चार परीक्षक नाटकातले, पाचवा गावातला. त्या पाचव्या म्हणजे भीमाबाई. सकाळी बाजारात मासळी विकायची, संध्याकाळी नेपाळी, सिंहली जे असेल ते नाटक पाहायचं. निकालाची पद्धत आपल्याला ठाऊक आहेच. टेबलावर संघांची पोस्टरं मांडायची आणि प्रत्येक परीक्षकाने पसंतीच्या पोस्टरवर झेंडूचं एक फूल ठेवायचं.

२०१४ साली श्रीलंकेच्या संघाची पोस्टरं विमानतळावरच राहिली. मग सगळ्यांना सारखा न्याय म्हणून आम्ही नुसती नावांची कार्डं मांडली. भीमाबाईंना वाचता येत नाही, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. दोन फुलं श्रीलंकेला पडली, दोन कल्याणला. कल्याणच्या नाटकाची दिग्दर्शिका होती माझी मुलगी, कल्पिता.

भीमाबाई आत आल्या. टेबलापाशी मी एकटाच होतो. म्हणाल्या, “मास्तर, मना वाचता येत नाय. ती शिरीलंकेची चिट्टी कंची, ती दावा.”

मी कल्याणच्या कार्डावर बोट ठेवलं.

चुकून का? नाही हो. चांगलं पाहून, समजून ठेवलं. निकाल जाहीर झाला तेव्हा भीमाबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. वर्षभर प्रौढ साक्षरता वर्गाला गेल्या. पुढच्या वर्षी टेबलावर पुन्हा पोस्टरं होती, तरी त्यांनी प्रत्येक नाव मोठ्याने वाचलं आणि म्हणाल्या, “आता कोनाला इचाराला नको.” त्या दिवसापासून मला त्यांच्याशी नीट बोलता आलेलं नाही. लाज वाटते.

कल्पिताला यातलं काही माहीत नव्हतं. त्या पुरस्कारावर तिला परदेश दौरे मिळाले, नाव झालं. परवा तिला सगळं सांगितलं. तिने दिवसभर खोलीचं दार उघडलं नाही. आज सकाळी म्हणाली, “बाबा, सांगून टाका. पण मी समोर बसू शकणार नाही.” व्यासपीठावरची ही रिकामी खुर्ची प्रमुख पाहुणीची, म्हणजे तिची आहे.

श्रीलंकेच्या दिग्दर्शकांना पत्र धाडलं आहे. बाहेरच्या फलकावरचं २०१४ चं नाव मंडळाने बदलावं, ही कार्यवाह म्हणून माझी शेवटची विनंती.

आपण सर्वांनी इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभागृहाने पोटात घालावं. बाकीची माफी सभागृहाकडे मागण्याजोगी नाही. भीमाबाई, उठू नका. मीच खाली येतोय.