मेश्राम साहेबांचं ‘ओव्हर द टॉप’

बंधूंनो, भगिनींनो, जय भीम. वंदना झाली, आता बोलायची पाळी माझ्यावर आली. मेश्राम साहेब गेले आणि त्यांच्याबद्दल मी बोलायचंय. अवघड आहे. रडू येतंय म्हणून नव्हे. जास्त बोललेलं त्यांना खपायचं नाही, म्हणून.

आपल्या शोकसभा कशा असतात, ठाऊक आहे ना? माणूस हयातीत कसाही असो, माईकवर तो महापुरुष होतो. अशा वेळी साहेब शेजारी बसून माझ्या कानाशी पुटपुटायचे, “बोरकर, ओव्हर द टॉप होतंय.” आमचं दोघांचं आयुष्य एकाच ऑफिसात गेलं. नोकरीसाठी इकडे उत्तरेत आलो, तर इथे गोमती नगरातही शेजारीच.

एकदा विचारलं, साहेब, ओव्हर द टॉप म्हणजे जास्त, असंच ना? म्हणाले, “नाही रे. भाजीत मीठ जास्त पडलं, तर ती चूक. हौसेनं, चार लोकांनी बघावं म्हणून हद्द सोडली, की ते ओव्हर द टॉप.” लग्नात ड्रोन उडवला, ओव्हर द टॉप. निरोप समारंभात गुडघ्यापर्यंत हार, ओव्हर द टॉप. स्वतःच्या निरोपाला त्यांनी एक फूल घेतलं आणि घरी गेले.

काल त्यांची लेक प्रज्ञा मला म्हणाली, “अंकल, पापा ने कभी बोला ही नहीं कि मैं अच्छी हूँ. आप से कुछ कहा था क्या?” साहेब गेल्यापासून पोरगी रडलेली नाही. पापांना तमाशा आवडत नव्हता, म्हणते.

प्रज्ञा, ऐक. तू डॉक्टर झालीस ना, त्या दिवशी हा माणूस जुन्या चौकात गेला आणि रिक्षा भरून मिठाई घेऊन आला. ऑफिसात वाटली. गार्डला दिली, लिफ्टवाल्याला दिली, गेटबाहेरच्या ई-रिक्षावाल्यांनाही सोडलं नाही. ज्याला त्याला एकच, “मेरी बेटी डॉक्टर बन गई, भैया!”

मी म्हटलं, “साहेब, हे ओव्हर द टॉप नाही का?”

“आहे,” म्हणाले. “तिला सांगू नकोस.”

“का हो?”

“लाज वाटते रे.”

बघा आता! पोरीचं कौतुक सगळ्या ऑफिसला ऐकवलं, आणि पोरीलाच तेवढं नाही.

सांगू नको म्हणाले होते, मी सांगितलं. रागवायला ते नाहीत, याचंच वाईट वाटतंय.

चला, उभे राहू या. दोन मिनिटं आम्ही सगळे गप्प राहू. प्रज्ञा, बेटा, तू गप्प नाही राहिलीस तरी चालेल.