बाभळीची पाचर

ठेवा ती फळी खाली. ठेवा म्हणतो. तुमचीच हाय, मला ठाऊक हाय, तुमच्याच जुन्या दाराचं सागवान, मी काय ते खाऊन टाकणार नाय — पण अर्धी फळी माझ्याकडं राहिली ती कशासाठी? पुढंमागं दुसरं सुकाणू लागलं तर, असं तुम्हीच म्हणाला होतात ना? मग आता नेता कुठं? मुंबईला? मुंबईच्या सुताराला काय तीन हात असतात? बसा साहेब. त्या पाळण्याला टेकू नका, ओला रंग हाय. ओंडक्यावर बसा. तीस वर्षं एकलहऱ्याच्या वीजघरात काढली तुम्ही. एखादं यंत्र बंद पडलं म्हणून कारखाना उचलून कोणी दुसऱ्या गावाला नेला का? नाय नेला, दुरुस्त केला. मग एक सुकाणू मोडलं तर गोटीराम सुतारालाच मोडीत काढता?

मोडलं. मी कुठं नाय म्हणतोय? समोर तुकडे पडलेत. हे सुकाणूचं पान, पाण्यात बुडालेलं असतं ते, त्याला काय झालेलं नाय. हे त्याचं डोकं, इथं मधोमध चिरलंय. आणि हा दांडा, हातात धरून होडी वळवायचा. दांड्याला ओरखडा हाय का बघा. बाभूळ हाय, माझ्या बांधावरची, चार वर्षं सावलीत वाळवलेली. तो जसाच्या तसा तुमच्या नातीच्या हातात निघून आला. म्हणजे काय? म्हणजे हिसका बसला. मी त्या दिवशी धरणाच्या काठावर चार माणसांदेखत हेच बोललो, आजही हेच बोलतो — चौदा वर्षांची पोर, वारं अंगावर आलं, घाबरली, दोन्ही हातांनी ओढला दांडा. बैलाचा कासरा असा ओढला तर बैलसुद्धा गाडी खड्ड्यात घालतो. होडी खडकावर जाणारच. होडी थोपवायला तिनं खडकाला हात लावला, मनगट मोडलं. वाईट झालं. पण त्यात सुतार कुठं आला?

असं बघू नका माझ्याकडं.

बरं, पोरीचं सोडा. वाऱ्याचं म्हणा. तिसऱ्या प्रहरी त्र्यंबककडून वारं उतरतं ते धरणावर कसं फिरतं ते आम्हाला विचारा. शीड भरलेलं, सगळा जोर सुकाणूवर — लोखंडसुद्धा वाकेल. नाय वाकत? तुम्ही इंजिनेर माणूस, तुम्हाला जास्त कळतं. मग तुम्हीच सांगा, का मोडलं. सांगा ना. घरापासून इथपर्यंत आलात आणि नुसती फळी उचलता. त्यापेक्षा शिव्या द्या. शिव्या दिलेल्या परवडतात, माणूस परत दारात येतो.

तुम्हाला एक सांगू का? सहा वर्षं झाली, या दारात बैलगाडी आली नाय. या शिवारात साठ-सत्तर गाड्या माझ्या हातच्या होत्या. चाक बघून लोक सांगायचे, हे गोटीरामाचं. मग टायरच्या गाड्या आल्या, मग ट्रॅक्टर आले. आता मी पाळणे करतो. पोळपाट करतो. ज्या हातानं चाकाचा मधला तुंबा कोरला त्या हातानं पाळण्याच्या दांड्यांना लाख लावून रंग देतो — लाल, पिवळा, हिरवा. आणि मग तुम्ही आलात, दारात उभे राहिलात आणि म्हणालात, बाबा, माझ्या शिडाच्या होडीचं सुकाणू कुजलंय, दांड्यासकट नवं करून द्याल का? मी म्हटलं, करतो. होडी कधी जवळून पाहिली होती का? नाय. तुम्हाला तसं सांगितलं का? नाय. कलाबाई, आमची घरवाली, आतून म्हणाली, अहो, आधी विचारून तरी घ्या. मी म्हटलं, लाकूड लाकूडच असतं, त्याला काय विचारायचं? त्या रविवारी मी धुतलेलं धोतर नेसून धरणावर आलो होतो. कशाला आलो होतो? पाण्यावर माझं काम चालताना बघायला. दोन वेळा होडी वळली, झोकात वळली. तिसऱ्यांदा वारं आलं.

आता ऐका. मी आठ दिवस हे तुकडे पुढ्यात घेऊन बसलोय. का मोडलं ते मला कळलंय. गाडीचं चाक ढिलं झालं की आम्ही काय करतो? पाण्यात टाकतो. रात्रभर ओढ्यात ठेवलं की लाकूड फुगतं, आरे आपोआप आवळतात. माझ्या बापानं शिकवलं — पाचर कोरडी मार, पाणी तिला आवळेल. मी तेच केलं. सुकाणूच्या डोक्याला आरपार भोक पाडलं, दांड्याचं टोक त्यात घातलं, वरून बाभळीची पाचर ठोकली, कोरडी, हाडासारखी. म्हटलं, जितकं पाणी पिईल तितकी घट्ट होईल. झाली घट्ट. इतकी घट्ट झाली की डोकं फोडून बाहेर आली. का? अहो, चाकाला बाहेरून लोखंडी धाव असते. लाकूड आत कितीही फुगू दे, धाव त्याला उलू देत नाय. सुकाणूच्या डोक्याला बाहेरून काय होतं? काय नव्हतं. उघडं. पन्नास वर्षं चाकं केली आणि धाव कशासाठी असते ते मला या आठ दिवसांत कळलं.

पट्टी मारायला हवी होती, बरोबर. लोखंडी पट्टी, गरम करून चढवलेली. ती चढवायची कोणी? चंदर लोहारानं. वीस वर्षं माझ्या चाकांना धाव त्यानंच चढवली. मग एकदा एक धाव सैल झाली, मी बाजारात सगळ्यांसमोर म्हणालो, चंदरच्या हातात आता जोर नाय राहिला. तेव्हापासून बोलणं नाय. त्यानं भट्टी मोडली, आता शहरात द्वारकेच्या चौकात रिक्षा चालवतो. मला त्याच्याकडं जायचं नव्हतं. बास, एवढंच. मला जायचं नव्हतं. पण आता जातो ना. उद्या सकाळच्या गाडीनं जातो. रिक्षात बसून बोलतो, पाय धर म्हणाला तर पाय धरतो — त्याच्याकडून पट्टी चढवून घेतो, पाचर ओली करून बसवतो, तुम्ही सांगाल तसं, तुम्ही उभे राहून करून घ्या, कागदावर काढून द्या, मला अक्षर येत नाय पण चित्र कळतं. आणि होडीत आधी मी बसेन. मला पोहता येत नाय. दांडा माझ्या हातात द्या आणि मधोमध न्या. परत मोडलं तर मला तिथंच राहू द्या. साहेब, मी आजवर कोणाला एवढं बोललेलो नाय. या वयात शेवटचं काम मोडलेलं ठेवून जायचं का मी? लोक काय म्हणतील ते सोडा — कलाबाई रोज हे तुकडे ओलांडून पाण्याला जाते.

काय बघताय त्यात? ठेवा ते डोकं. उजेडाकडं कशाला नेता? ती रेघ ना — शीर हाय ती. सागवानाला असते अशी तांबूस शीर. तुमच्याच दाराचं लाकूड, तुम्हाला ठाऊक असेल. नखानं खरवडू नका. खरवडू नका म्हणतो.

लाख हाय ती.

पाळण्याची लाख. तांबडी. पाचर ठोकताना शेवटच्या घावाला आवाज आला. बारीक, पापड मोडावा तसा. मी थांबलो. हात फिरवला, केसाएवढी फट लागली बोटाला. तुम्ही दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होतात. दुसरं डोकं करायला चार दिवस लागले असते, आणि तुम्ही म्हणाला असता, म्हाताऱ्याला जमेना. मी लाख वितळवली, भुसा घातला, फट बुजवली, वरून रंधा मारला. तुम्ही आलात, हात फिरवलात आणि म्हणालात, वा बाबा, आरसा केलात. तेव्हा सांगता आलं असतं. मी चहा सांगितला.

आता झालं? आता न्या फळी. मी अडवत नाय. उठा.

का उठत नाय? बोलायचं असेल तर बोला.

कोण? सृष्टी? नात तुमची? काय म्हणते?

परत म्हणा.

होडीत बसत नाय म्हणते. धरणाकडं येतच नाय. तिच्याच हातानं मोडलं म्हणते — कोणी सांगितलं तिला?

मी.

काठावर. ती ओल्या अंगानं बसली होती, मनगट मांडीवर धरून, आणि मी तिच्या डोक्यावर उभा राहून बोलत होतो. पोरीनं हिसका दिला, पोरीनं हिसका दिला. कोणी विचारलंसुद्धा नव्हतं मला. ती वर बघत होती माझ्याकडं. मला वाटलं, हात दुखतोय म्हणून बघते.

आठ दिवस हेच धरून बसलीय?

तुम्ही तिला सांगा, तसं नाय म्हणून. सांगितलं? मग? ऐकत नाय. गोटीरामबाबा सुतार हायेत, त्यांना कळतं, असं म्हणते? त्यांना कळतं.

हे घ्या. फळी राहू दे बाजूला, आधी हे घ्या, डोक्याचे दोन्ही तुकडे. धडप्यात बांधून देतो. मी येऊन काय करू? माझ्यानं तुमची पायरी चढवणार नाय. तिच्या पुढ्यात ठेवा हे. म्हणावं, ही तांबडी रेघ बघ, चांगल्या हाताचं बोट फिरव तिच्यावरून. नखानं काढ, काडी पेटवून जाळून बघ, लाखेचा वास येईल. लाकूड जळल्याचा वास वेगळा आणि लाखेचा वेगळा, लहान पोरालासुद्धा कळतो. तू होडीत बसायच्या आधीच हे मोडलेलं होतं आणि म्हाताऱ्याला ते ठाऊक होतं — असंच सांगा, ह्याच शब्दांत. म्हातारा खोटं बोलला म्हणावं. माझं नाव घेऊन सांगा. कोणी बसलेलं असलं घरात तरी सांगा.

नाय, दुसरं सुकाणू मी करणार नाय. विचारू नका. आता जा.